प्लॅस्टरचा भाऊ

“कुठं दुखतंय माझ्या राजाला?” असं त्या बाईनं विचारलं आणि मी सांगायला तोंड उघडलं. शपथ. आता माझ्या शपथेला काय भाव आहे ते ला मेर्सेदच्या मंडईतल्या कुठल्याही कांदेवालीला विचारा. पण शब्द जिभेवरून सुटून दातांपर्यंत आला होता, आणि दात थोडेच उरलेत म्हणून जवळजवळ बाहेर पडलाच होता. प्रश्न मला नव्हता. बाई माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या पिशवीतून तिनं शालीत गुंडाळलेला आमचा बाळदेव, म्हणजे घरचा बाळ येशू, काढला होता, एक तळवा त्याच्या डोक्याखाली धरला होता, खऱ्या तान्ह्याची मान लचकू नये म्हणून धरतात तसा, आणि चष्मा कपाळावर सारून, त्या प्लॅस्टरच्या गालाला गाल लावून ती विचारत होती, कुठं दुखतंय. सत्तरी उलटलेला मी, डोक्यावर हॅट, मिशीला काळा रंग, काउंटरच्या अलीकडे उभा. आणि माझ्या घशात ‘इथं’ हा शब्द अडकलेला.

मी तो खोकून टाकला. तालावेरा गल्लीतली ही दुकानं जानेवारीअखेर गर्दीनं फुटतात. दुकान म्हणायचं नाही, दवाखाना म्हणायचं. बाया पांढरे कोट घालतात, फळ्यांवर बाळ येशू ओळीनं निजवलेले असतात, कुणाचं नाक गेलेलं, कुणाचा पाय, कुणाच्या काचेच्या डोळ्यामागे कापूस. दोन फेब्रुवारीला कांदेलारियाचा सण. त्या दिवशी प्रत्येक घरचा बाळ येशू नवे कपडे घालून चर्चमध्ये पाणी शिंपडून घ्यायला जातो, त्याआधी त्याला धडधाकट करायचं. आमच्याची तीन बोटं तुटली होती. आशीर्वादाच्या हाताची.

“कुणी मारलं याला?” दवाखान्याच्या बाईनं, दोन्या प्रिस्कानं, मला विचारलं.

“पडला.”

“पडतातच सगळे, आजोबा. इतकी वर्षं बसलेय इथं, एकानंही कबूल केलं नाही की टाकला म्हणून.” तिनं त्याच्या कपाळावरची धूळ फुंकली. “घाबरू नको हं, सोन्या. हे आजोबा दिसतात तसे वाईट नाहीयेत.”

मी हसलो. हसणं हा माझा धंदा आहे. चाळीस वर्षं मी चौकाचौकांत उभा राहून मलम विकलं. सतरंजी पसरायची, मधे बरणीतला साप ठेवायचा आणि तोंड सुरू करायचं. पुएब्लाच्या एका टकल्यानं हे मलम रात्री डोक्याला लावलं, सकाळी त्याच्या केसांत चिमणीनं अंडी घातलेली. एका म्हाताऱ्या कर्नलनं गुडघ्याला चोळलं, तर गुडघा एकटाच नाचायला गेला आणि कर्नल मागून काठी टेकत. लोक हसले की खिसे सैल होतात हे सगळ्यांना कळतं. पण लोक हसले की हात खाली येतात, हे मला धंद्याच्या फार आधी कळलं होतं. आईचा हात वर असायचा, त्यात इस्त्रीची वायर दुहेरी धरलेली, आणि मी म्हणायचो, आई, दूध मी नाही सांडलं, पोप आला होता, त्याला मांजरीसाठी हवं होतं. ती थांबायची. ओठाचा एक कोपरा हलायचा. मग मी पोपच्या मांजरीला मिशा लावायचो, मिशांना मेण लावायचो, आणि वायर हळूहळू खाली यायची. दर वेळी नाही. गोष्ट कच्ची निघाली तर एरवीपेक्षा जास्त मार. त्यामुळं मी गोष्ट कच्ची ठेवत नसे.

आईचं नाव रेफुहियो. म्हणजे आसरा. ठेवणाऱ्याला विनोदाची जाण होती. वस्तीत तिला सगळे मानानं दोन्या कूका म्हणत, आणि कांदेलारियाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. आमचा बाळदेव तिनं कुठून आणला हे आम्हाला कधी कळलं नाही. लहानपणी ती कुणाच्यातरी मोठ्या घरी कामाला होती, तिथून निघाली तेव्हा तिच्याकडे एक लुगड्याचं गाठोडं होतं आणि त्या गाठोड्यात तो होता, इतकंच. त्या घराबद्दल विचारलं तर ती म्हणायची, “मोठं घर होतं, पुसायला खूप होतं.” विषय संपला. तो माझ्याआधी घरात होता. तो थोरला. त्याला पलंगाच्या वर भिंतीत कोनाडा होता, कोनाड्याला जाळीचा पडदा, थंडीत लोकरीची टोपी. नाताळच्या आदल्या रात्री आई त्याला रुमालाच्या झोळीत घालून झोके द्यायची, सगळं आवार अंगाई म्हणायचं, प्रत्येकानं त्याच्या पायाचा मुका घ्यायचा आणि एक साखरेची गोळी उचलायची. मी मुका घ्यायचो. प्लॅस्टर गार असतं. त्याच्या पायांवर आईच्या ओठांची ओल असायची, आणि मला ती माझ्या ओठांनी उचलता यायची, वर्षातून एकदा, रांगेत उभं राहून.

आणि पडदा. हे मी, झोप लागत नाही म्हणून गेलो होतो त्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा सांगितलं नाही, त्यांना मी दुसरंच बरंच सांगितलं. वायर खुंटीवरून काढायच्या आधी आई कोनाड्याकडे जायची आणि पडदा ओढायची. नीट, दोन्ही टोकांपर्यंत. “तो घाबरेल,” म्हणायची. पडद्याच्या कड्या तारेवरून सरकतानाचा तो आवाज, बारीक, गोड, दागिन्यांसारखा. मग ती माझ्याकडे वळायची. मला वाटतं मारापेक्षा माझ्या अंगात तो पडदाच जास्त राहिला. मार सगळ्यांना पडायचा, आवारातल्या प्रत्येक पोराच्या पाठीवर कुणाची ना कुणाची सही होती. पण आमच्या घरात एक पोर असं होतं ज्याला नुसतं बघण्यापासूनही वाचवलं जात होतं. मी ओरडत नसे. आईला वाटे मी निगरगट्ट. खरं म्हणजे मला पडद्यापलीकडच्याला झोपेतून उठवायची भीती वाटे. उठला असता तर तिनं त्याला थोपटलं असतं, माझ्यासमोर.

हेवा म्हणजे काय ते लोकांना ठाऊक नसतं. शेजाऱ्यानं नवा टेलिव्हिजन आणला की पोटात ढवळतं, त्याला ते हेवा म्हणतात. माझा हेवा अवयव आहे. पित्ताशयासारखा, जेवणाच्या वेळा पाळतो. फळवालीनं कुत्र्याच्या कानामागे खाजवलं की मी दुसऱ्या गल्लीनं जातो. न्हाव्याच्या खुर्चीत मला घाम फुटतो, कारण माझ्या डोक्याच्या मागे हात असतो, आणि तरी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या मानेवर न्हावी पावडरचा ब्रश फिरवतो तेव्हा मला त्या मानेचा हेवा वाटतो. गर्दीत कुणी डोकं खाजवायला हात वर नेला की माझी मान आपोआप खाली जाते. मी हॅट पाडतो आणि हॅट उचलायला वाकलो असं दाखवतो. अशा किती हॅटा चेंगरल्या. झोप बसून, पाठ भिंतीला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “डॉन क्रिसोफोरो, हे कधीपासून?” मी म्हटलं, क्रांतीच्या काळापासून. त्या म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही जन्मलाही नव्हता.” मी म्हटलं, म्हणूनच तर झोप लागली नाही. त्या हसल्या. हसल्या आणि पेन खाली ठेवलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, आणि बसमध्ये बसल्यावर आपण कशातून सुटलो हे आठवून रडू आलं. नको तिथं रडू येणं हाही त्या दुखण्याचाच भाग, असं त्या नंतर म्हणाल्या असत्या. मी परत गेलो नाही.

निकोलासाशी लग्न केलं तेव्हा वाटलं होतं, आता हा अवयव कापून टाकला. निकोलासाचे हात मोठे होते, पीठ मळणारे. पहिली दोन वर्षं मी ते माझ्या डोक्यावर ठेवून घ्यायला शिकत होतो. आधी ती सांगायची, “ठेवतेय हं,” मग ठेवायची, एखाद्या घोड्याला सवय लावावी तसं. मग मुलगी झाली. एके दुपारी मुलीचा गुडघा फुटला, निकोलासानं तिला मांडीवर घेतलं, जखमेवर फुंकर घातली आणि आमच्याकडे सगळ्या आया म्हणतात तेच म्हणाली, बरी होशील, बेडकाच्या शेपटी, आज नाही तर उद्या. मी दारात उभा होतो. चार वर्षांच्या त्या पोरीकडे बघून माझ्या तोंडात नाणं चोखल्यासारखी चव आली. निकोलासानं वर बघितलं आणि तिला ते दिसलं. तिनं आरडाओरडा केला नाही. रात्री भाकऱ्या शेकताना म्हणाली, “फोरो, मला वाटलं होतं मी या पोरीला बाप दिला. मी तर तिला थोरला भाऊ दिलाय.” मी म्हटलं, म्हणजे काय? ती म्हणाली, “म्हणजे दोन पोरं मला झेपणार नाहीत.” ती मुलीला घेऊन गेली तेव्हाही मला तिचा राग आला नाही. मी हात कधीच उचलला नसता. पण वायर उचलणाऱ्यालाही आदल्या दिवशी असंच वाटत असणार.

आता आई नव्वदीच्या पुढे, डोळ्यांत दूध साकळलेलं, उजेड-अंधार तेवढा कळतो. धाकटी बहीण दुलिया तिला सांभाळते. दुलियाला मार कमी पडला, ती माझ्या गोष्टींच्या आडोशाला वाढली. तिला आई आवडते आणि तिच्या आवडण्याचाही मला हेवा वाटतो. तर ही आई, नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, बाळदेवाला कोनाड्यातून काढून कुशीत घेऊन बसली होती, आणि तिच्या हातातून तो निसटला. दुलिया सांगत होती, तीन बोटं फरशीवर तांदळासारखी उडाली आणि आईनं जो आवाज केला तो तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. मग ती दोन दिवस रडली. जेवली नाही. “मी पाडला गं,” म्हणायची, “माझ्या हातांनी पाडला.” दुलिया फोनवर हे सांगताना स्वतःही मुसमुसत होती. मी फोन कानापासून लांब धरला. माझ्या हातांनी. असं म्हणता येतं, हे वाक्य तिच्या तोंडात मावतं, हे मला माहीत नव्हतं.

म्हणून मी त्याला पिशवीत घालून तालावेरा गल्लीत नेला. आणि म्हणून, चार दिवसांनी परत घ्यायला गेलो तेव्हा, दोन्या प्रिस्कानं त्याची नवी बोटं दाखवत “कसा शूर आहे, एकदाही रडला नाही” म्हटल्यावर मी म्हणालो, “त्याला काय धाड भरलीय रडायला!”

“अगंबाई,” ती म्हणाली, “आजोबांना जळतंय वाटतं?”

शेजारची बाई, मांडीवर नाक गेलेला बाळदेव घेऊन बसलेली, खिदळली. मीही खिदळलो. त्याच्यासाठी डॉक्टरचा वेष घेतला. यंदा अर्ध्या शहराचे बाळ येशू डॉक्टर झाले होते, पांढरा कोट, गळ्यात प्लॅस्टिकची नळी. आईनं सांगून ठेवलं होतं, डॉक्टरच हवा. मी टोपी जरा खाली ओढली, त्याच्या काचेच्या डोळ्यांवर. इतपत मोकळीक मी घेतो.

कांदेलारियाच्या सकाळी आई चालू शकत नाही म्हणून त्याला चर्चमध्ये मी नेला. तुम्ही ती गर्दी पाहिली नसेल तर मी सांगूनही खरं वाटणार नाही, आणि या एकाच बाबतीत मी वाढवून सांगत नाहीये. बाया, पुरुष, नवरे, नातवंडं, सगळ्यांच्या हातात बाळ; खुर्च्यांवर बसवलेली, टोपल्यांत निजवलेली, फुलांनी मढवलेली. कोणी पोप, कोणी फुटबॉलवाला, आणि डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर. हात भरून आले की लोक आपापलं बाळ वेदीच्या पायऱ्यांवर ठेवतात. मीही ठेवलं. पाद्री पाणी शिंपडत आला, सगळे पुढे सरकले, एका बाईच्या ढुशीनं मी खांबाला टेकलो, पाणी माझ्या चष्म्यावर पडलं, मी चष्मा पुसला, हात घातला, डॉक्टर उचलला, बाहेर पडलो. बस अर्ध्या वाटेवर आल्यावर त्याची टोपी वर केली. हा आमचा नव्हता. बोटं जुनी, सगळी शाबूत, नव्या रंगाचा मागमूस नाही. डोळे तपकिरी. आमच्याचे निळे.

माणसानं अशा वेळी उतरावं. आमच्या शहरात दुसऱ्याचा बाळ येशू उचलून नेण्यापेक्षा मोठी चूक नाही. लोक पोलिसांपर्यंत गेलेले आहेत. कुठंतरी एक घर आता आमच्या बाळाच्या ताज्या बोटांचे मुके घेत असणार, आणि थोड्या वेळात किंचाळणार. मी बसून राहिलो. त्या परक्या डॉक्टरला गुडघ्यावर बसवलं. पुढच्या सीटवरची बाई वळून म्हणाली, “किती गोड आहे हो, तुमच्यावर गेलाय.” मी म्हटलं, “धाकटा आहे. थोरला हरवला.” आणि मला जे वाटायला लागलं त्याला मी आनंद समजलो. आईला कळणार नाही. डोळ्यांत दूध, बोटं थरथरती. ज्याच्यासाठी पडदे ओढले, टोप्या विणल्या, दोन दिवस उपास केला, त्याच्या जागी रस्त्यावरचं कुणाचंही पोर ठेवलं तरी ती त्याला तसंच कुरवाळणार, आणि मी शेजारच्या स्टुलावर बसून बघणार. म्हणजे थोरल्यालाही काही मिळालं नव्हतं. म्हणजे वाटणी बरोबरीची झाली. या वयात माणसाला एवढा न्याय पुरतो.

घरी दुलिया स्वयंपाकघरात तमालांचं, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या उंड्यांचं, मोठं पातेलं उतरवत होती. मक्याच्या पानांचा वास जिन्यापर्यंत. “दादा, आलास? तिला दे आधी,” तिनं आतून हाक दिली, “सकाळपासून जीव खाल्लाय माझा.” मी आईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती, भिंतीशी, केस विंचरून वेणी घातलेली, अंगानं माझ्या हातापेक्षा बारीक.

“आई, बघ कोण आलंय.”

“दे.” माझ्याकडे तिनं तोंड वळवलं नाही, हात पुढे केले. “पाणी नीट शिंपडलं का? का नुसतंच कोपऱ्यात उभा राहिलास मेल्या, बायकांशी बोलत?”

“नीट शिंपडलं. पाद्री म्हणाला, डॉक्टर आलेत, माझा खोकला बघा.”

ओठाचा कोपरा हलला. अजून हलतो. तिनं त्याला घेतला, नाक त्याच्या मानेत खुपसलं, “माझ्या साखरेच्या खड्या,” म्हणाली, “कुठं कुठं फिरवून आणलं तुला या गाढवानं.” आणि झुलायला लागली. मी स्टुलावर बसलो. घ्या. कळलं नाही तिला. तपकिरी डोळ्यांच्या त्या परक्याला ती तीच अंगाई, तोच हुंकार, नाकातून येणारा तोच उबदार आवाज देत होती, आणि मी जिंकलो होतो, आणि तरी, बघा माणसाची जात, मला आता त्या परक्याचा हेवा वाटायला लागला होता. अर्ध्या तासाची ओळख, आणि त्यालाही.

तिची बोटं कोटाच्या बाहीत शिरली. डावी बाही. वर गेली, खाली आली, परत वर गेली. झुलणं थांबलं.

“हा माझा नाही.”

“अगं, तोच आहे. नवा रंग दिलाय, म्हणून—”

“रंगाचं काय सांगतोस मला. हा माझा नाही. माझ्याचा कोपर वाकडा आहे.”

बाळदेवाचा कोपर वाकडा नाही. या शहरातल्या कुठल्याच बाळदेवाचा नसतो, सगळे साच्यातले. वाकडा कोपर माझा आहे. एवढं सगळं तुम्हाला सांगितलं, हे सांगितलं नाही; कुणालाच सांगत नाही, बाही खाली ठेवतो, आणि कुणी विचारलंच तर त्लाक्सकालाचा बैल आहे, उलटलेली आगगाडी आहे, एक सर्कसवाली आहे. मी सात वर्षांचा होतो. त्या दिवशी वायर खुंटीवर नव्हती म्हणून तिनं हातच धरला आणि मागे पिळला, आणि सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला, दोघांनाही आश्चर्य वाटेल असा. हाडवैद्य आला तेव्हा ती काही बोलायच्या आत मीच बोललो. गच्चीवर गेलो होतो, पतंगाला कबूतर अडकलं, कबूतर म्हणालं, सोडव रे बाबा, घरी बायको वाट बघतेय. वैद्य असा हसला, असा हसला, की डोळे पुसत पुसतच त्यानं माझं हाड बसवलं. हसत हसत बसवलेलं हाड, वाकडंच बसणार. आई दारात उभी होती. तीही हसली. नंतर त्याबद्दल आमच्यात एक शब्द नाही, कधीच नाही. मला वाटायचं ती विसरली. किंवा त्याहून वाईट, माझी गोष्ट तिला खरी वाटली.

“कसा वाकडा झाला, आई?” माझा आवाज मला परका वाटला, कुणीतरी खोलीत येऊन विचारल्यासारखा.

“मी केला.” आमटीत मीठ मी घातलं, असं सांगावं तसं ती म्हणाली. “ओरडलापण नाही. गोष्ट सांगत बसला.” आणि एकदम चिडून, “बसलायस काय? जा. माझा आण. तिकडे गारठ्यात पडला असेल कुठंतरी.”

मी जायला हवं होतं. म्हणजे कोणाला आणायला? तिच्या मांडीवरून तो परका घसरून चादरीवर पालथा पडला, आणि तिची ओंजळ तशीच उघडी राहिली, हवेत. मी जाकीट काढलं. बाही वर करायला मला वेळ लागला, बटण सापडेना. आणि मी माझा कोपर त्या ओंजळीत ठेवला, काउंटरवर वस्तू ठेवावी तसा, लगेच उचलून घेता येईल असा.

अंगाला घाम फुटला. पाय दाराकडे वळले, खरंच वळले, मी खाली बघितलं तर चपला दाराच्या दिशेला. “एकदा त्लाक्सकालाला एक बैल—” माझी जीभ आपणहून सुरू झाली.

“शू,” आई म्हणाली.

तिचा अंगठा हाडाच्या टेंगळावर आला. थांबला. गोल फिरला. सुरकुतलेला, गार, कापराचा वास येणारा अंगठा, गोल, आणि परत गोल. “हाच,” ती म्हणाली. “हाच गं बाई. हा माझा.” ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते मिळाल्यावर कसं वाटतं ते मी तुम्हाला रंगवून सांगू शकतो, चौकात सांगितलं तर लोक रडतील. खरं असं, की माझं सगळं अंग तिच्या दुसऱ्या हाताकडे कान देऊन बसलं होतं, तो कुठं आहे, काय करतोय. तो चादरीवर होता. काही करत नव्हता. तरी मी श्वास अर्धाच घेत होतो.

मग तिनं आवाज खाली आणला, इतका खाली की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

“हळू,” ती म्हणाली. “ती येईल.”

“कोण ती?”

“हळू रे.”

बोळातून पावलं आली. फरशीवर घासणारी, भराभर, हातात काही असल्यासारखी. आईची बोटं माझ्या कोपरावर आवळली, आणि आम्ही दोघं खाली झुकलो. एकदम. हनुवटी डाव्या खांद्यात, उजवा डोळा मिटलेला, कान खांद्यानं झाकलेला. ही हालचाल मी ओळखतो, तिच्यापायी मी हॅटा गमावल्या. मला वाटायचं ती मी शोधून काढली. माझ्या नाकापुढे, बोटभर अंतरावर, ती माझ्या आईच्या अंगावर होती, आणि माझ्यापेक्षा सफाईदार, जुनी, झिजून गुळगुळीत झालेली.

दार ढकललं गेलं. आईनं मला ओढलं. चिमणीएवढं बळ, पण मी ओढला गेलो. तिनं माझं डोकं तिच्या खांद्यामागे, ती आणि भिंत यांच्या मधल्या फटीत दाबलं, आणि मोकळा हात दाराकडे वर केला, तळवा उघडा.

“याला नको,” ती म्हणाली. मी कधीच ऐकला नव्हता तो आवाज, बारीक, घाईचा, सहा-सात वर्षांचा. “याला काही करू नका, बाई. मी सांडलं. मला मारा.”

दारात दुलिया उभी होती, ताटात वाफाळणारे तमाल. “अगं आई, मी आहे. मी, दुलिया. काय झालं हिला?” तिनं ताट कपाटावर ठेवलं. “दादा? तू असा काय बसलायस, आजारी आहेस का?”

त्या पाठीमागे अंधार होता, कापूर होता, आईच्या जंपरमधून तिचं काळीज चिमणीसारखं उडत होतं, आणि जागा होती, माझ्यासारख्या दांडग्या म्हाताऱ्याला पुरेल इतकी जागा. दुलिया आईचा वर केलेला हात खाली घ्यायला बघत होती आणि आई घेऊ देत नव्हती. आणि तिथं, तशा जागीसुद्धा, माझ्या मनात आलं, याला म्हणजे कुणाला? माझा कोपर तिच्या मुठीत होता, पण ती मला ओळखत नव्हती, आणि प्लॅस्टरचा तर पालथा पडला होता. त्या मोठ्या घरात, जिथं पुसायला खूप होतं, तिच्या पाठीशी कोण उभा होता? केवढा होता? कुणाचं पोर? त्याला ती काय म्हणून हाक मारायची? मला त्याचं नाव हवं होतं, तोंड हवं होतं, म्हणजे त्याचा नीट हेवा करता आला असता. ते नव्हतं. मी तसाच हेवा करत राहिलो, आणि हललो नाही.